याकूबचाचा आणि निळा कॅन

मागच्या दसऱ्याआधी कपाट आवरताना नवऱ्याचा जुना कमरपट्टा हाती लागला. आतल्या बाजूने राखाडी ठिपके धरले होते. मी तो नाकाशी नेला, अंगठ्याने चोळला आणि गालाला लावून ओल पाहिली. नवरा दारात उभा राहून बघत होता. "पट्टा आहे तो, खरबूज नाही," तो म्हणाला. मी दुर्लक्ष केलं, पट्टा पुसला आणि गॅलरीत वाऱ्याला टांगला. ही खोड माझी नाहीच. ती देऊळघाटच्या याकूबचाचांची आहे, आणि त्यांच्याकडून मी जे उचललं त्यातली ही सगळ्यात किरकोळ गोष्ट.

बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन मी दोन वर्षं बुलढाण्यात घरी बसले होते. बाबा सरकारी कचेरीत कारकून. देऊळघाटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, शेळीचं कातडं कमावण्याचा एक लहान कारखाना होता. दोन पत्र्यांच्या शेड, एक विहीर आणि दहा-बारा माणसं. तिथल्या शेठला केमिस्ट हवा होता. आईने हे ऐकल्याबरोबर पदर नाकाला लावला; मी अजून तिकडे फिरकलेही नव्हते. शेवटी असं ठरलं की नोकरी करायची, पण परत आल्यावर मागच्या दाराने थेट न्हाणीघरात जायचं, आणि कोणी विचारलंच तर नुसतं "कंपनीत आहे" म्हणायचं. नोकरी कंपनीत आणि वास कातड्याचा, असा माझा दुहेरी संसार सुरू झाला.

पहिल्या दिवशी शेठने ओळख करून दिली तेव्हा चाचा थप्पीपाशी उभे होते. सत्तरीला टेकलेला उंच, वाळलेला माणूस. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, पांढरी टोपी, आणि कोपरापर्यंत फिकट निळे पडलेले हात. त्यांनी माझी पदवी विचारली नाही की गाव विचारलं नाही. म्हणाले, "मॅडम, हात घाला."

"कुठे?"

"थप्पीत. कोपरालोक."

थप्पी म्हणजे ओल्या कातड्यांचा कमरेइतका ढीग, आणि कोपरालोक म्हणजे कोपरापर्यंत. कातडं धुऊन, केस काढून क्रोमच्या पाण्यात मोठ्या लाकडी ढोलात फिरवलं की ते आकाशी रंगाचं होतं. आमच्याकडे त्याला निळा माल म्हणायचे. हा माल ओलाच थप्पी लावून ठेवायचा आणि ओलाच ट्रकने कानपूरकडे जायचा. ओल, ऊब आणि अंधार. बुरशीला यापेक्षा चांगलं माहेर मिळणार नाही. म्हणून ढोलातच बुरशीचं औषध घालतात. त्यात चूक झाली की आधी पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं, मग हिरवे-काळे ठिपके येतात. ठिपका एकदा आत उतरला की वरून कोणताही रंग द्या, तो डोकं वर काढतोच. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. हात घालायचं मात्र पुस्तकात नव्हतं.

मी श्वास रोखून हात घातला. गार, बुळबुळीत, आणि मध्यभागी किंचित कोमट.

"गरम हाय का थंड?"

"कोमट आहे."

"मंग आताच्या आता उलटी करा लागते थप्पी. आज कोमट, परवा बुरशी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसले. "हात धुतला का वास जाते, मॅडम. भेऊ नका."

तो वास पुढे आठ दिवस गेला नाही, हे इथे नमूद करते. चाचा कधी खोटं बोलत नसत, पण वासाच्या बाबतीत त्यांचा शब्द धरायचा नसतो, हे मला नंतर कळलं. का, ते पुढे सांगते.

बुरशीशी त्यांचं खानदानी वैर होतं. कोणाच्या डब्यात शिळी भाकर असेल तर तो डबा शेडबाहेर बाभळीला टांगला जायचा. ढोल चालवणाऱ्या गजाननने एकदा थप्पीखाली ठेवायला घरून जुन्या फळ्या आणल्या. चाचांनी त्या उचलून रस्त्यावर टाकल्या. "लाकडात बसून राह्यते ते, गज्या. तुह्या घरची बुरशी तुह्या घरी नेजो." शेठलासुद्धा पावसाळ्यात बाहेर बूट काढून आत यावं लागे. शेठ कुरकुरत यायचा. मालक मी का तुम्ही, असं एकदा म्हणालाही. चाचा म्हणाले, "मालक तुम्हीच हाव. बूट काढा."

माझ्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मार्गशीर्षातलं लग्न. मी आईला न विचारता चाचांना बोलावलं होतं, आणि ते इस्त्रीचा सदरा घालून अत्तर लावून आले. आईने नमस्कार केला, पण दोन हात लांबून. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि मंडपाच्या दाराशी एकच गोंधळ उठला. चपला चोरीला गेल्या! नवऱ्या मुलाचे काका अनवाणी फिरतायत, कोणाच्या तरी आत्या रडवेल्या झाल्यात, बाबा घामाघूम. शोधता शोधता मी कार्यालयाच्या मागे गेले, तर तिथे कलत्या उन्हात अकरा जोड ओळीने मांडलेले. चाचा उकिडवे बसून बाराव्या जोडाच्या खाचा आपल्या रुमालाने पुसतायत.

"चाचा, हे काय?"

"पाह्य ना बेटा, लग्नाच्या चपला लोक वर्सभर खोक्यात ठेवतेत आन् तशाच पायात घालतेत. समद्याले बुरशी लागलेली हाय. दहा मिनिटं राह्यली, नेतो मंग."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मॅडमची बेटा झाले. आई माझ्या मागे येऊन उभी होती, मला माहीत नव्हतं. बारावा जोड तिचाच होता. दुसऱ्या दिवशी कामाला निघताना तिने बुंदीच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "त्यांना दे. आणि डबा परत आणायची घाई नको करू." मागच्या दाराचा नियमही त्यानंतर हळूहळू विसरला गेला. माझ्या बी.एस्सी.ने जे जमलं नाही ते त्या रुमालाने केलं.

आता वासाचं सांगते. रोज सकाळी चाचा प्रत्येक थप्पीतून एक कातडं ओढत, नाकाशी नेत आणि मान हलवत. बिघडायला लागलेल्या मालाला आधी आंबूस वास येतो, दिसतं नंतर. शेठ कानपूरच्या व्यापाऱ्यांना अभिमानाने सांगायचा, "आमच्या चाचाचं नाक म्हणजे मशीन हाय." एकदा मी बाजूला सडलेल्या कातड्याचा तुकडा तपासायला ठेवला होता. असा, की दहा फुटांवरून नाक धरावं. चाचांनी तो उचलला, नाकाशी नेला आणि शांतपणे मान हलवली. मागून गजानन खोकला. चाचांनी मान थांबवली आणि तुकडा खाली ठेवला.

दुपारी मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. "कोरोनात गेलं नाक. जीव राह्यला, नाक गेलं. अत्तर लावतो, ते दुसऱ्यायसाठी." मग निळा हात वर करून म्हणाले, "पन हे हाय ना. हे सांगते मले गरम का थंड, चिकट का कोरडं. अन् गज्या सांगते आंबट हाय का नाई." शेडमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, एक शेठ सोडून. खोकला म्हणजे आंबट, गप्प म्हणजे ठीक. त्या दिवसापासून मीही खोकायला लागले.

नाकाशी कातडं नेणं मात्र त्यांनी सोडलं नाही. "सवय हाय," म्हणायचे. मला वाटतं, एखाद्या दिवशी वास परत येईल अशी त्यांना आशा होती.

त्यांची आणखी एक सवय होती, आणि तिच्यापायीच पुढचं सगळं झालं. बुरशीचं औषध दाट दुधासारखं, निळ्या प्लास्टिकच्या जड कॅनमध्ये यायचं. चाचा रोज सकाळी तो कॅन आडवा पाडायचे आणि पायाने लोळवत भिंतीपर्यंत न्यायचे, परत आणायचे. असे सात फेरे. मग तो उभा करून, झाकण काढून वरून मापाने औषध काढायचं. मी कारण विचारलं. "माह्या उस्तादनं लोळवला, मी लोळवतो," एवढंच उत्तर. मला ते अंगाऱ्या-धुपाऱ्यातलं वाटलं.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये शेठने मला सुरक्षेचे नियम लिहून लावायला सांगितले. आता मी वर्षाची अनुभवी केमिस्ट होते, म्हणजे सगळ्यात धोकादायक अवस्थेत. औषध कातडीला झोंबणारं, कॅन फुटला तर पंचाईत. नवीन कॅन आल्याबरोबर मी एक सुबक पाटी छापून त्याच्या पोटावर डकवली: "कॅन जागेवरून हलवू नये. हुकमावरून." हुकूम माझाच.

चाचांना वाचता येत नव्हतं. गजाननने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडमनं लिहिलं तं लिहिलं. शिकेल हाय ते." टोमणा मारायची त्यांची पद्धत नव्हती, ते खरंच तसं मानत होते. आज ते आठवलं की मला त्या न मारलेल्या टोमण्याचीच हुरहूर लागते. मारला असता तर बरं झालं असतं.

श्रावणात चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी चाचांनी पहिल्या थप्पीत हात घातला आणि तो तसाच आत ठेवून उभे राहिले. वरची दोन कातडी उचलली. निळ्यावर हिरवी-काळी नक्षी. दुसरी थप्पी तशीच. तिसरी जरा कमी. तो माल दोन दिवसांनी ट्रकमध्ये चढायचा होता.

शेठ आला. बूट न काढता आत आला, आणि चाचांनीही अडवलं नाही. एक कातडं उचलून त्याने चाचांच्या तोंडासमोर धरलं. "हे घ्या. काय वास येते सांगा."

गजानन खोकला. मला खोकायला सुचलं नाही.

चाचांनी गजाननकडे पाहिलं, कातड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, मले काहीच येत नाई. कोरोनापासून येत नाई."

शेठचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "काऊन सांगतलं नाई मले? मी दुनियेले तुमचं नाक सांगत फिरून राह्यलो." मग म्हणाला, "उद्यापासून घरीच राहा चाचा. वय झालं. ह्या मॅडम हायेत आता."

चाळीस वर्षं त्या कामात काढलेल्या माणसाने खुंटीवरचा डबा काढला. जाता जाता माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता म्हणतील काही. ते म्हणाले, "थप्पीवरचा प्लास्टिक दुपारून काढून पुसजा. आतून पानी टपकते मालावर."

ते गेल्यावर मी थप्प्या पुन्हा पाहिल्या. पहिल्या दोन वाया गेलेल्या, तिसरी अर्धीमुर्धी, शेवटच्या दोन स्वच्छ. नाकाचा दोष असता तर बुरशीने अशी क्रमवार हजेरी लावली नसती. शेवटच्या दोन्ही थप्प्यांना कॅनच्या तळाचं औषध गेलं होतं. मी कॅनपाशी गेले, ओल्या फडक्याने माझी पाटी भिजवली आणि नखाने सोलली. तिच्याखाली कंपनीचं लेबल होतं. त्यावर बारीक अक्षरांत, शुद्ध मराठीत लिहिलं होतं: वापरण्यापूर्वी चांगले हलवून घ्यावे.

औषध तळाशी बसलं होतं. वरून आम्ही मोजूनमापून पाणीच घालत होतो. दाट औषध तळाशी बसतं, हे मला शिकवलेलं होतं. चाचांना कोणी शिकवलं नव्हतं, पण ते रोज कॅन लोळवत होते. आणि मी ती एक ओळ माझ्या हुकमाने झाकून टाकली होती.

आता जे केलं ते सांगायला अजूनही जड जातं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पाटी परत चिकटवली. ती नोकरी मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. घरी बसायची दोन वर्षं आठवली. चाचांचं तर वय झालंच आहे, असं मी स्वतःला म्हणाले. शेठचेच शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आईने डबा पुढे केला. "मुगाचा शिरा आहे. चाचांना दे. परवा लाडू आवडले म्हणाले होते ना?" परवा म्हणजे आठ महिन्यांपूर्वी. मी तो डबा मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसले. डबा गरम होता. तो द्यायला तिथे कोणी नव्हतं, आणि परत नेऊन आईला काय सांगायचं हे मला ठरवता येईना. कारखान्यात पोहोचेपर्यंत दुसरंच ठरलं होतं.

मी कॅन आडवा पाडला आणि पायाने लोळवत शेठच्या टेबलापर्यंत नेला. पाटी त्याच्यासमोर सोलली. "वाचा," म्हटलं. त्याने वाचलं. मी सगळं सांगितलं, पाटी परत चिकटवली होती तेही.

शेठने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग उखडला. "एकाले वास येत नाई, अन् एकीले वाचता येत नाई! बम झकास कारखाना चालवून राह्यलो मी!" गजाननला हसू आवरेना, तो ढोलाच्या मागे गेला. शेठ गाडीची किल्ली घेऊन उठला. दारात थांबला आणि मला म्हणाला, "चाला. तुमच्याच तोंडानं सांगा म्हाताऱ्याले. मी नाई सांगत."

देऊळघाटात चाचांच्या घरासमोर आम्ही उतरलो तेव्हा ते अंगणात सुनेच्या, नसीमच्या, चपलेचा पट्टा पुसत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा सगळं सांगितलं. रडले. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे माफ करतील. त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.

"म्हंजे तळाशी बसते ते?"

"हो चाचा."

"म्हनून लोळवा लागते?"

"हो."

त्यांचा चेहरा उजळला. "चाळीस वर्स लोळवला मी. आज समजलं काऊन लोळवत होतो. उस्तादले बी मालूम नसन." मग शेठकडे वळून म्हणाले, "पाह्यलं शेठ? शिकेल मानूस पाह्यजेच कारखान्यात." मी गेल्या जन्मी काय पुण्य केलं होतं ते माहीत नाही. त्यांच्यापुढे मी इतकी लहान कधीच झाले नव्हते, आणि इतकी हलकीही.

त्यांनी टोपी घातली आणि गाडीत बसले. पुढचे तीन दिवस आम्ही तो माल धुतला, पुसला, नीट लोळवलेल्या औषधात पुन्हा फिरवला. निम्म्याहून जास्त वाचला. उरलेला काळा रंगवून अस्तरात गेला, कारण ठिपके काळ्यातच लपतात. ट्रक आठ दिवस उशिरा निघाला. मी 'आधी कॅन लोळवावा' अशी नवीन पाटी लिहिली, या वेळी चाचांना आधी वाचून दाखवली. त्यांनी एकच सुधारणा केली: फेरे सात. त्या बदल्यात त्यांनी हातमोजे घालायचं कबूल केलं. उजव्याच हातात. डावा थप्पीत घालायला मोकळा.

त्यानंतर मी तिथे तीन वर्षं होते. रोज सकाळी ते कातडं नाकाशी नेत आणि मग माझ्या नाकाशी धरत. "सांग बेटा." मी सांगायची. शेठच्या समोर, उघडपणे. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा मला आहेर म्हणून त्यांनी शेळीच्या कातड्याची पर्स दिली. काळी. कुठल्या मालातली, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिच्यावर एक ठिपका आहे, पर्स उजेडात धरली तरच दिसतो.

गेल्या पावसाळ्यात नसीमचा फोन आला की अब्बा झोपूनच असतात, तुमचं नाव काढतात. मी दुपारी पोहोचले. खाटेवर अगदी थोडेसे चाचा उरले होते. हात मात्र कोपरापर्यंत अजून फिकट निळे. मी पर्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सवयीने नाकाशी नेली, आणि मग माझ्याकडे केली.

"सांग बेटा."

मी वास घेतला. "एकदम चांगली आहे, चाचा."

"हाव," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

नसीम आतून खोकल्याच्या औषधाची बाटली आणि चमचा घेऊन आली आणि झाकण फिरवू लागली. मी तिच्या हातातून बाटली घेतली, आडवी केली, आणि गोधडीवरून त्यांच्या पायांपासून छातीपर्यंत तळव्याने लोळवत नेली. परत आणली. नसीम माझ्याकडे बघत राहिली. चाचांचे डोळे उघडले होते. ते बाटलीकडे बघत होते आणि ओठ हलत होते. मला आधी वाटलं, काही म्हणतायत. मग कळलं, मोजतायत.

सातवा फेरा झाल्यावर त्यांनी औषधासाठी तोंड उघडलं.